मास्क आणि चेस्ट गार्ड यांच्यामधली चार बोटे

माझ्या डाव्या खांद्याजवळ, हासळीच्या हाडावरून बोट फिरवले की आजही एक बारीक उंचवटा हाताला लागतो. तो उंचवटा ज्या चेंडूमुळे आला, तो चेंडू मुलींच्या एका आंतरशालेय सॉफ्टबॉल सामन्यात बॅटच्या वरच्या कडेला निसटता लागून, कॅचरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणाऱ्या खेळाडूच्या, ग्लव्हवरून थेट माझ्याकडे आला होता; मी पंच म्हणून तिच्या मागे उभी होते. तोंडावर मास्क होता, छातीवर चेस्ट गार्ड होता, पायांवर लेग गार्ड होते, आणि सामन्यापूर्वी मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या एका पालकांनी ‘मॅडम, तुम्ही तर अगदी लढाईलाच निघालात’ असे म्हटल्यावर मी हसलेही होते. चेंडू यांपैकी कशालाही लागला नाही. मास्कची खालची कड आणि चेस्ट गार्डची वरची कड यांच्यामध्ये चार बोटांची जागा उघडी होती. चेंडू तेवढ्या जागेतून आत आला. एक्स-रेमध्ये हाडाला तडा दिसला आणि पुढचे सहा आठवडे मी एक हात झोळीत अडकवून, दुसऱ्या हाताने शिट्टी वाजवत क्रीडाशिक्षिकेची नोकरी केली.

हे आठवण्याचे कारण असे की यंदा पंच परीक्षा उत्तीर्ण झालेले दोघे जण, ज्यांतली एक माझीच जुनी विद्यार्थिनी आहे, मला म्हणाले, ‘मॅडम, काय काय घ्यायचे त्याची यादी द्या, एकदमच मागवून टाकतो.’ यादी सांगायला दोन मिनिटेही लागली नसती. परंतु यादीत वस्तू येतात, वस्तूंच्या मधल्या जागा येत नाहीत, आणि माझे हाड मोडले ते मधल्या जागेत. म्हणून त्या दोघांसाठी, आणि नाशिकच्या मैदानांवर होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर जिच्या बाजूला उभा राहतो त्या पाटीच्या, मागे पंच म्हणून उभ्या राहणाऱ्या इतर कोणासाठीही, हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आधी चेंडूविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण ‘सॉफ्टबॉल’ या नावाने पालकांचाच नव्हे, तर काही शिक्षकांचाही गैरसमज होतो. बारा इंच परिघाच्या सॉफ्टबॉलचे वजन साधारण १७८ ते १९८ ग्रॅम असते आणि त्याच्याच जातीच्या बेसबॉलचे १४२ ते १४९ ग्रॅम. म्हणजे नावाने मऊ असलेला चेंडू प्रत्यक्षात अधिक जड असतो, आणि हाताला लागतो तेव्हा तो मुळीच मऊ नसतो. ताशी ११० किलोमीटर वेगाने आलेल्या बेसबॉलमध्ये सुमारे ६८ ज्यूल ऊर्जा असते. ताशी ९० किलोमीटर वेगाच्या सॉफ्टबॉलमध्ये ती ५९ ज्यूलच्या आसपास असते. त्यातही बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, प्लेटपासून १८.४४ मीटरवर उभा असतो, तर महिलांच्या फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या, सॉफ्टबॉलमध्ये पिचरचे अंतर १३.११ मीटर असते, त्यामुळे दोन्ही खेळांत चेंडू प्लेटपर्यंत यायला लागणारा वेळ जवळजवळ सारखाच, अर्ध्या सेकंदाच्या थोडा पुढेमागे असतो. बॅटला निसटता लागलेला चेंडू, ज्याला आपण फाउल टिप म्हणतो, त्याचा वेग फारसा कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. आणि बॅटपासून पंचाच्या मास्कपर्यंतचे दीड-दोन मीटर अंतर कापायला त्याला एका सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. तेवढ्या वेळात माणसाची पापणीही धड मिटत नाही. चेंडू चुकवणे हा पर्यायच तेथे उपलब्ध नसतो. पंचाने छाती पिचरकडे समोरासमोर ठेवून स्थिर राहायचे असते, कारण तो दचकून वळला की मान, कान, बरगडीची बाजू, काखेखालचा भाग, असे सगळे उघडे अवयव चेंडूसमोर येतात. सामग्री अशी हवी की वळावेसेच वाटू नये.

आपल्याकडच्या शालेय सामन्यांत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. परदेशी पुस्तिकांत सगळा भर फाउल टिपवर असतो, कारण तेथे कॅचर सहसा चेंडू सोडत नाही. जिल्हास्तरीय शालेय स्पर्धेत, ज्या शाळेने संघ तीन आठवड्यांपूर्वी उभा केलेला असतो, तिचा कॅचर पाच-सहा चेंडूंतला एक सोडतो, आणि तो एक आपला असतो. असा चेंडू बॅटला न लागता, पूर्ण वेगाने, बहुतेक वेळा टप्पा पडून गुडघा, मांडी किंवा पोटाखालच्या भागावर येतो. त्यामुळे लहान मुलांच्या सामन्याला ‘अर्धीच सामग्री पुरे’ हा हिशेब मला नेहमी उलटा वाटत आला आहे.

दुसरा प्रश्न हमखास विचारला जातो तो क्रिकेटच्या हेल्मेटचा. नाशिक हे क्रिकेटचे गाव आहे. गोल्फ क्लब मैदानावर रणजी सामने पाहत आपण वाढलो आहोत, घरात कोणाचे तरी हेल्मेट पडलेले असते, आणि क्रिकेटचे काही पंचही आता हेल्मेट घालतात हे सर्वांनी पाहिलेले असते. ऑस्ट्रेलियाचे पंच जॉन वॉर्ड यांना भारतातल्या रणजी सामन्यात डोक्याला चेंडू लागला आणि त्यानंतर जानेवारी २०१६ मध्ये कॅनबेराच्या एकदिवसीय सामन्यात ते हेल्मेट घालून उभे राहिले, हे अनेकांच्या स्मरणात असेल. तरीही ते हेल्मेट आपल्या कामाचे नाही. ते बावीस यार्डांवरून चेंडू खेळणाऱ्या फलंदाजासाठी घडवलेले असते. त्याची पुढची झडप उंच उडालेला चेंडू शोधताना नजरेच्या आड येते, ते एका हाताने झटकन काढता येत नाही, आणि त्याच्या जाळीखाली गळा पूर्ण उघडा राहतो. क्रिकेटच्या पॅडविषयीही माझे हेच मत आहे: ते घालून तीन तास उठाबशा काढून पाहाव्यात, मग वेगळे काही सांगावे लागत नाही.

आता मास्कविषयी, कारण पंचाचे सर्वांत जास्त पैसे आणि सर्वांत जास्त मतभेद याच वस्तूवर खर्च होतात. बेसबॉलचा मास्क हार्वर्ड विद्यापीठाच्या संघातल्या फ्रेडरिक थेअर यांनी तलवारबाजीच्या जाळीवरून घडवला आणि १८७८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून पट्ट्यांनी डोक्यामागे अडकवायची, कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारी सळ्यांची चौकट हे त्याचे मूळ रूप फारसे बदललेले नाही. दुसरा प्रकार आइस हॉकीच्या गोलरक्षकासारख्या पूर्ण हेल्मेटचा. टोरांटोच्या व्यावसायिक बेसबॉल संघाचा कॅचर चार्ली ओब्रायन याने १९९६ मध्ये तो मोठ्या सामन्यांत आणला आणि नंतर काही पंचांनीही स्वीकारला. हेल्मेटमध्ये डोक्याचा वरचा भाग, कानशिले आणि कान झाकले जातात, जे साध्या मास्कमध्ये उघडे राहतात, आणि जोरात फिरवलेली बॅट मागे येऊन डोक्याला लागण्याचा धोका कमी होतो. परंतु साधा मास्क जोराचा फटका बसला की डोक्यावरून फिरून निसटतो आणि फटक्याचा काही भाग आपल्याबरोबर घेऊन जातो. घट्ट बसवलेले हेल्मेट तसे निसटत नाही. यांपैकी कोणते श्रेष्ठ यावर पंचांमध्ये एकमत नाही. माझे मत विचाराल तर एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला टेकलेला असताना, एका दिवसात तीन सामने करायचे असतील तर मी साधा मास्कच घेईन. ज्याला पूर्वी डोक्याला मार बसलेला आहे, त्याने मात्र हेल्मेटचा विचार गांभीर्याने करावा.

साध्या मास्कच्या चौकटी पोकळ पोलादाच्या, हलक्या मिश्रधातूंच्या किंवा टायटॅनियमच्या असतात. टायटॅनियम हलके आणि महाग. इंटरनेटवरची चर्चा वाचली की नवा पंच पहिल्याच महिन्यात टायटॅनियमच्या मागे लागतो, कारण दिवसभर मानेवर दोन-अडीचशे ग्रॅमचा फरक जाणवतो हे खरेच आहे. परंतु अतिशय हलका मास्क फटक्याचा धक्का चेहऱ्याकडे अधिक पोहोचवतो, कारण अडवायला वस्तुमानच कमी असते, हेही तितकेच खरे. जेसन क्लाइन नावाच्या माजी पंचाने याच अडचणीवर उपाय म्हणून चौकट आणि गाद्या यांच्यामध्ये स्प्रिंग बसवलेला मास्क काढला. तो मी एकदाच, बाहेरगावच्या एका सहकाऱ्याचा, घालून पाहिला आहे आणि मला त्याचे वजन जास्त वाटले. वर्षाला तीस-चाळीस सामने करणाऱ्या पंचाला चांगल्या वेल्डिंगचा पोलादी मास्क आणि चांगल्या गाद्या पुरतात. पैसे उरले तर ते चेस्ट गार्डमध्ये घालावेत.

मास्क घेताना दुकानात उभे राहून आरशात पाहण्याचा काही उपयोग नसतो. खेळातला चेंडू बरोबर न्यावा आणि तो डोळ्यांसमोरच्या फटीत जोराने दाबून पाहावा; चेंडूचा फुगवटा आतल्या बाजूला नाकाच्या किंवा भुवईच्या जवळ येत असेल तर तो मास्क बाजूला ठेवावा. सॉफ्टबॉलसाठी घडवलेल्या काही मास्कची फट बेसबॉलला मोठी पडते, आणि आपल्याकडचे बहुतेक पंच दोन्ही खेळ करत असल्यामुळे तपासणी लहान चेंडूने करणे शहाणपणाचे. गाद्या कपाळ आणि हनुवटी यांवरच टेकल्या पाहिजेत. मी चष्मा वापरते, म्हणून चौकट आणि काच यांच्यामध्ये किमान बोटभर जागा राहते का हेही पाहते, आणि काच पॉलिकार्बोनेटचीच घेते. मागचे पट्टे घट्ट आवळू नयेत. डाव्या हाताने मास्क पुढे ओढून वर नेला की तो टोपी न पाडता सुटला पाहिजे. डावा हात अशासाठी, की उजवा हात निर्णय देण्यासाठी मोकळा हवा. याच कारणाने प्लेट पंचाच्या टोपीची झडप आखूड असते.

चौकटीचा रंग आतून काळा आणि चकाकी नसलेला हवा, एवढे सांगून मी गळ्याकडे वळते.

मास्कच्या खाली लोंबणारी थ्रोट गार्डची पट्टी क्षुल्लक दिसते आणि सर्वांत आधी हरवते. तिचा जन्म एका अपघातातून झाला. १९७६ मध्ये लॉस एंजलिस डॉजर्स या अमेरिकेतल्या बेसबॉल संघाचा कॅचर स्टीव्ह यीगर बॅटिंगची वाट पाहत मैदानाच्या कडेला उभा असताना सहकाऱ्याची लाकडी बॅट मोडली आणि तिचे तुकडे त्याच्या गळ्यात घुसले. तो वाचला, आणि संघाचे ट्रेनर बिल ब्यूलर यांनी त्याच्या मास्कला गळ्यासमोर झुलणारी पट्टी बसवून दिली. काही मास्कची चौकटच खाली लांबवलेली असते आणि विक्रेते सांगतात की वेगळ्या पट्टीची गरज नाही. उभे असताना ते पटते. पण पंच उभा नसतो. तो बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या जागेत, कॅचरच्या डोक्याच्या वरच्या पातळीला आपली हनुवटी आणून, किंचित पुढे झुकून बसलेला असतो, आणि त्या स्थितीत हनुवटी जराशी वर उचलली की लांब चौकटही गळ्यापासून दूर जाते. म्हणून मास्क, थ्रोट गार्ड आणि चेस्ट गार्ड या तिन्ही वस्तू एकत्र घालून, त्या बसण्याच्या स्थितीतच दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्याव्यात. त्याने मास्कची खालची कड आणि चेस्ट गार्डची वरची कड यांच्यामध्ये बोटे घालून पाहावीत. एक बोट चालते. चार बोटे आत गेली की काय होते ते वर लिहिले आहे.

चेस्ट गार्ड हा माझ्या लेखाचा खरा विषय आहे, आणि त्यातही कॅचरचा गार्ड पंचाने वापरू नये हे माझे ठाम म्हणणे आहे. दोन्ही वरून सारखे दिसतात, पण कॅचरला चेंडू अडवून पुढ्यात पाडायचा असतो, म्हणून त्याचा गार्ड मऊ, लवचिक आणि खाली लांब असतो. त्याला वाकून चेंडू फेकायचा असतो, म्हणून फेकीच्या हाताचा खांदा बराच मोकळा ठेवलेला असतो. पंचाला चेंडू पाडायचा नसतो, फेकायचाही नसतो. त्याच्या गार्डवर फोमच्या थरांवर कठीण प्लास्टिकच्या पाट्या असतात, त्या फटक्याची ऊर्जा मोठ्या क्षेत्रावर पसरवतात. खांद्यांवर टोप्यांसारखे भाग असतात, काहींना दंडापर्यंत झडपा असतात, आणि सर्व रचना वर, गळ्याकडे सरकलेली असते. शाळेच्या किटमधला गार्ड कॅचरसाठी आणलेला असतो, आणि तो ‘सामन्यापुरता’ घालणाऱ्या पंचाच्या अंगावर तो नेहमी दोन-तीन इंच खाली बसतो. माझ्या अंगावरही तसाच बसला होता.

त्यात भर म्हणजे तो पुरुषाच्या छातीच्या मापाने घडवलेला होता. सपाट पाट्यांचा गार्ड स्त्रीच्या अंगावर मध्यभागी टेकतो, त्यामुळे त्याची वरची कड पुढे झुकते आणि गळ्याजवळ पोकळी तयार होते. ही गोष्ट मला कोणत्याही पंच शिबिरात कोणी सांगितली नव्हती, कारण शिबिरात शिकवणारे सगळे पुरुष होते आणि त्यांच्या अंगावर ती पोकळी कधी तयारच झाली नसावी. स्त्रियांसाठी वेगळ्या घडणीचे गार्ड मिळतात. ते मिळाले नाहीत तर पाट्या सांध्यावर दुमडणारा, वेगवेगळ्या तुकड्यांचा गार्ड घ्यावा, एकसंध कवचासारखा घेऊ नये, आणि खांद्यावरचे पट्टे इतके आखूड करावेत की वरची कड हासळीच्या वर येईल. खाली तो बेंबीच्या थोडा वर संपला तरी चालतो, कारण बसल्यावर तो खाली येतो आणि कमरेच्या पट्ट्याला टेकला तर पुन्हा वर ढकलला जाऊन हनुवटीला लागतो. गार्ड शर्टाच्या आत घालायचा असल्यामुळे प्लेटसाठीचा शर्ट एक माप मोठा शिवून घ्यावा.

शर्टाच्या आत घालण्याची ही पद्धत सर्वत्र एकदम रुळली नाही. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलच्या दोन मुख्य लीगपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगचे पंच कित्येक दशके हवेने फुगवलेली मोठी उशी दोन्ही हातांनी छातीसमोर धरून उभे राहत. १९७७ पासून नव्या पंचांना ती बंद झाली, आणि जुन्यांपैकी शेवटचे जेरी न्यूडेकर १९८५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा ती मैदानातून गेली. तिची मला कधी कधी आठवण होते ती हातांमुळे. उशीमागे हात सुरक्षित असत. आता ते आपले आपणच लपवावे लागतात: डावा हात पट्ट्याजवळ पोटावर आडवा आणि उजवा मांडीमागे किंवा कॅचरच्या आड. गुडघ्यावर पंजा पसरून ठेवण्याची सवय नव्या पंचांनी पहिल्याच आठवड्यात सोडावी, कारण बोटांसाठी कोणताही गार्ड मिळत नाही.

छातीविषयी आणखी एक गंभीर गोष्ट आहे, आणि ती प्रौढ पंचांपेक्षा मुलांना अधिक लागू पडते. हृदयाच्या ठोक्याच्या एका अत्यंत सूक्ष्म क्षणी, काही मिलिसेकंदांच्या अवधीत, छातीवर डाव्या बाजूला चेंडू बसला तर हाड न मोडता, बाहेरून काही न दिसता, हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते. डॉक्टर याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. हे क्वचित घडते, पण घडते ते मुख्यतः कुमारवयीन मुलांमध्ये, कारण त्यांच्या बरगड्या लवचिक असतात. आणि त्यासाठी चेंडू फार वेगवान असावा लागतो असेही नाही, प्रयोगांत ताशी ६४ किलोमीटरच्या आसपासचा वेग सर्वांत घातक आढळला. अमेरिकेतल्या नॉक्सी या मानक ठरवणाऱ्या संस्थेने यासाठी चेस्ट गार्डचे स्वतंत्र मानक केले आणि २०२० पासून तेथील शालेय बेसबॉलमध्ये कॅचरला त्या मानकाचाच गार्ड बंधनकारक झाला. पंचांच्या सर्वच गार्डवर ते चिन्ह असते असे नाही, म्हणून घेताना विचारावे. आणि सरावाच्या सामन्यात ‘तू आज पंच’ असे सांगून नववीतल्या मुलाला साध्या टी-शर्टवर प्लेटमागे उभे करण्याची जी पद्धत आपल्या शाळांमध्ये आहे, ती मी माझ्या शाळेत पूर्ण बंद केली आहे. सराव असेल तर मुलगा पिचरच्या मागे उभा राहून निर्णय देतो. थोडे चुकतात, पण चालते. छातीवर मार बसून कोणी कोसळलाच तर पाणी शिंपडत न बसता लगेच छाती दाबण्यास सुरुवात करावी आणि १०८ ला फोन करावा, हेही प्रत्येक संघाच्या शिक्षकाला सामन्यापूर्वी मी सांगते. काहींना ते अशुभ वाटते.

डोक्याच्या माराविषयी एवढेच की मास्क हाड वाचवतो, मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबवत नाही. अमेरिकन लीगचे पंच कॅल ड्रमंड यांना १९६९ मध्ये मास्कवर चेंडू लागला; शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा उभे राहिले, आणि १९७० मध्ये एका सामन्यात काम करत असतानाच कोसळले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. मास्कवर फटका बसल्यावर डोके जड वाटले, मळमळले किंवा चेंडू दोन दिसू लागले तर तो सामना तेथेच दुसऱ्या पंचाकडे द्यावा.

पायांचे काम सोपे आहे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून पाऊल जेथे दुमडते तेथपर्यंतचे माप घ्यावे आणि त्या मापाचाच लेग गार्ड मागवावा. बकल बाहेरच्या बाजूला येतील असे घालावेत, नाहीतर धावताना एकमेकांत अडकून पंच तोंडावर पडतो, आणि हे दृश्य मी दोनदा पाहिले आहे. पँटची मोहरी मोठी शिवून घ्यावी. माझे शिंपी आता न सांगताच दोन इंच वाढवतात. पोटाखालच्या गार्डविषयी पुरुष पंच आपसांत विनोद करतात आणि मग तो विकत घेत नाहीत. तो प्लेट पंचाने तर घालावाच, मैदानात बेसजवळ उभ्या राहणाऱ्या बेस पंचानेही घालावा, आणि स्त्रियांसाठी वेगळा मिळतो तो स्त्रियांनी घालावा. विषय संपला.

बुटांविषयी मात्र नाशिककरांना एक सोय आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणारा कोणी ना कोणी प्रत्येक घरात असतो, आणि त्याच्या पायांत पोलादी टोपीचे सेफ्टी शूज असतात. भारतीय मानकाप्रमाणे त्यांची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, म्हणजे आपल्या चेंडूच्या कितीतरी पट. माझ्या भावाचे जुने जोडे घालून मी पहिले दोन हंगाम काढले. बोटांना त्यांनी उत्तम सांभाळले. पण टोपी बोटांच्या मुळाशी संपते आणि पावलाचा वरचा, बारीक हाडांचा भाग मोकळा राहतो. पंचांच्या खास बुटांवर तेथे एक कठीण झडप असते. शिवाय सेफ्टी शूजचा तळवा ओल्या गवतावर घसरतो, आणि आपल्या शालेय स्पर्धा नेमक्या पावसाळ्याच्या शेपटावर येतात. सुरुवातीला ते चालतील. पावलाच्या वरच्या भागापर्यंत येणारा लेग गार्ड असेल तर अधिकच चालतील.

पावसाळ्यावरून सांगते: सामना संपल्यावर ओले किट रेक्झिनच्या बंद बॅगेत कोंबून ठेवले की आठवड्यात चामड्याच्या गाद्यांवर बुरशी येते आणि फोम आंबतो. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. उन्हात चामडे तडकते. चौकटीचा रंग उडालेला दिसला तर लगेच रंग लावावा, कारण पोकळ नळीला आतून गंज धरला की तो बाहेरून कळत नाही. आणि वाकलेला मास्क वेल्डिंग करून आणू नये. मी आणला होता. अंबडच्या एका कारागिराने फार सुबक काम केले होते, पण सरळ केलेली सळई मूळ जागेपासून थोडी वर गेली, फट रुंदावली आणि बेसबॉल तिच्यातून नाकाला टेकू लागला. तो मास्क आता शाळेच्या क्रीडा विभागात भिंतीवर आहे. मेरठ-जालंधरकडून येणारे स्वस्त मास्क सरसकट वाईट नसतात, परंतु प्रत्येक जोडावर नख फिरवून, चौकट दोन्ही हातांनी पिळून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत.

त्या दोघांना रविवारी घरी बोलावले होते. मुलाचा पाय शिंप्याच्या टेपने मोजला. त्याने दुकानदाराच्या सांगण्यावरून जे माप लिहून आणले होते, त्यापेक्षा तो दीड इंचाने कमी भरला. मुलीला माझा जुना चेस्ट गार्ड घालून स्वयंपाकघरातल्या स्टुलामागे बसवले, मास्क चढवला आणि गळ्याजवळ बोटे घातली. तीन आत गेली. पट्टे दोन घरे आखूड केले तेव्हा एक राहिले. गार्ड तिने नेला आहे. थ्रोट गार्ड यायला वेळ आहे, तोवर ती माझा वापरेल. मुलगा अजूनही टायटॅनियमवर अडून आहे.